मानलेली माणसं: वेढ्यातल्या सारायेव्होचं एक स्वयंपाकघर

३१ मार्च १४९२ रोजी स्पेनच्या राजाराणीने हुकूम काढला: ज्यूंनी धर्म बदलावा, नाहीतर देश सोडावा. बरोबर पाचशे वर्षांनी, ३१ मार्च १९९२ रोजी, स्पेनचे तेव्हाचे राजे हुआन कार्लोस माद्रिदच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, गेले आणि समेटाचं बोलले. त्या हुकुमाने देशोधडीला लागलेली काही घराणी सोळाव्या शतकात ऑटोमन साम्राज्यातल्या सारायेव्होत, आजच्या बोस्नियाच्या राजधानीत, येऊन राहिली होती. लादिनो ही आपली जुनी स्पॅनिश बोली त्यांनी घराघरांत चारशे वर्षं सांभाळली. माद्रिदच्या त्या समारंभाला पाच दिवस होतात न होतात तोच, ५ एप्रिल १९९२ ला, सारायेव्होला सर्ब फौजांचा वेढा पडला.

तो उठला २९ फेब्रुवारी १९९६ ला. मधे गेले १,४२५ दिवस. भोवतालच्या डोंगरांवरून शहरावर रोज सरासरी ३२९ तोफगोळे पडत, २२ जुलै १९९३ या एका दिवशी तर ३,७७७ पडले. वीज नाही, नळाला पाणी नाही, हिवाळ्यात शेगडीत घालायला लाकूड नाही. मृतांचा शहराने धरलेला आकडा ११,५४१ आहे.

हे प्रकरण त्या शहरातल्या एका स्वयंपाकघराचं आहे. मिल्याच्का नदीच्या दक्षिण काठावर १९०२ साली बांधलेलं अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंचं, सिनेगॉग आहे. वेढ्याच्या काळात तिथे रोज तीनशेच्या आसपास माणसांचं जेवण शिजत होतं. ते चालवत होती 'ला बेनेव्होलेन्सिया' ही ज्यूंची मदतसंस्था. रांधणारे, वाढणारे आणि जेवणारे मात्र बरेचसे ज्यू नव्हते. मुस्लीम, सर्ब, क्रोएट, मिश्र लग्नांतली माणसं, कुठल्याच खान्यात न बसणारी माणसं, असा सगळा मेळा होता. वेढ्याच्या आधी त्यातले पुष्कळ जण एकमेकांना रस्त्यात ओळखलेही नसते.

अशा गोष्टींवर एक ठरलेलं वाक्य लगेच येतं, की संकटात माणसं जवळ येतात. मला ते पटत नाही. याच वेढ्यात, याच शहरात, शहराचं रक्षण करणाऱ्या एका ब्रिगेडच्या कमांडरच्या माणसांनी शहरातल्याच नागरिकांना, बहुतांशी सर्बांना, उचलून नेऊन मारलं आणि त्रेबेविच डोंगरावरच्या कझानी नावाच्या घळीत टाकलं. अखेर ऑक्टोबर १९९३ मध्ये बोस्नियाच्या सरकारलाच त्या कमांडरवर कारवाई करावी लागली, त्यात तो मारला गेला. कझानीचं स्मारक उभं राहायला २०२१ साल उजाडलं. संकट एकच, तोफगोळे तेच. एका ठिकाणी शेजारी घळीत गेला, दुसऱ्या ठिकाणी अनोळखी माणूस पंगतीत बसला. म्हणजे संकटापलीकडे काहीतरी होतं, आणि या प्रकरणात शोधायचं आहे ते तेच.

रायाचं शहर

वेढ्याच्या आदल्या वर्षीची, १९९१ ची, जनगणना पाहिली तर दहा नगरपालिकांच्या सारायेव्होची लोकसंख्या ५,२७,०४९ होती. त्यात ४९.२ टक्के मुस्लीम, २९.८ टक्के सर्ब आणि ६.६ टक्के क्रोएट. माझं लक्ष वेधून घेतो तो चौथा आकडा: १०.७ टक्के लोकांनी आपली ओळख 'युगोस्लाव' अशी लिहिली होती. आईबाप वेगवेगळ्या समाजांतले असलेले, किंवा हा प्रश्नच नको वाटणारे. वर्षभरात युगोस्लाविया हा त्यांचा देशच उरला नाही, आणि 'तू कोणाचा?' हा प्रश्न नाक्यानाक्यावर बंदुकीच्या टोकाने विचारला जाऊ लागला.

या शहरात माणसांच्या घोळक्याला 'राया' म्हणतात. मूळ अरबी शब्द, आपल्याकडे 'रयत' म्हणून आला तोच. ऑटोमन कारभारात राया म्हणजे कर भरणारी सामान्य प्रजा. सारायेव्होच्या बोलीने त्याला खाली खेचून कट्ट्यावर बसवलं: राया म्हणजे आपली माणसं, आपलं टोळकं, ज्यांच्यासमोर मोठेपणा मिरवायचा नसतो. दुसरा शब्द 'कोम्शिलुक', शेजारधर्म. एकमेकांच्या सणाला जाणं, कॉफीला बसणं, मयताला खांदा देणं. या दोन शब्दांवर पुष्कळ कौतुकाने लिहिलं जातं. पण कोम्शिलुक ओळखीच्या माणसांवर चालतो. वेढ्यात नेमकी ओळखीचीच माणसं विस्कटली. कोणी पहिल्याच आठवड्यात शहर सोडून गेलं, कोणी डोंगरापलीकडे तोफांच्या बाजूला गेलं. रिकाम्या घरांत पूर्व बोस्नियातून आणि ग्रबावित्सासारख्या हातातून गेलेल्या वस्त्यांतून आलेले निर्वासित राहायला आले. जिन्यात भेटणारा माणूस आता कोण, कुठला, ते कळेनासं झालं.

अशा वेळी जुना शेजारधर्म पुरत नाही. नवा उभारावा लागतो, आणि त्यासाठी जागा लागते.

भरून ठेवलेली कोठी

'ला बेनेव्होलेन्सिया'ची स्थापना १८९२ ची. गरीब ज्यूंना आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना मदत करणं हे तिचं काम. दुसऱ्या महायुद्धापूर्वी सारायेव्होत दहा हजारांच्या वर ज्यू होते. १९४१ नंतर नाझी आणि त्यांच्या पंखाखालच्या क्रोएशियन उस्ताशांनी त्यातल्या बहुतेकांना मारलं. १९९० च्या सुमारास शहरात हजाराच्या आसपास ज्यू उरले होते, त्यात म्हातारे बरेच. बंद पडलेली ही संस्था १९९१ मध्ये पुन्हा उभी राहिली, शंभरीला एक वर्ष उरलेलं असताना.

त्या वर्षी क्रोएशियात युद्ध पेटलं होतं. सारायेव्होचे लोक म्हणत होते, आपल्याकडे असलं काही व्हायचं नाही, आपण इतके एकमेकांत मिसळलेले. ज्यू मंडळींनी मात्र कोठी भरायला घेतली: धान्य, डबाबंद अन्न, औषधं. कोणाकडे किती माणसं, कोण आजारी, कोणाला रोजची गोळी लागते, अशा याद्या केल्या. ज्यांच्या घरात १९४१ च्या आठवणी होत्या त्यांना 'इथे असं होत नाही' या वाक्याची किंमत माहीत होती. युद्धकाळात संस्थेचे प्रमुख असलेले वकील याकोब फिन्सी यांचा जन्मच मुळी १९४३ साली राब बेटावरचा, जिथे त्यांचे आईवडील इटालियन छावणीत डांबलेले होते. अशा माणसाला कोणी भित्रा म्हटलं तरी त्याच्या कोठीत गोण्या येणं थांबत नाही.

लगोलग हेही सांगायला हवं की ही तयारी मुळात फक्त आपल्या समाजापुरती होती. सर्वांसाठी स्वयंपाकघर काढायचं, असा कोणताही आदर्श ठराव त्यामागे नव्हता. मग कोठीचं दार सगळ्यांसाठी कसं उघडलं?

पहिलं कारण साधं आहे. एप्रिल-मे १९९२ मध्ये समाजातली बरीच मुलंबाळं आणि तरुण विमानाने, बसने बाहेर गेले. मागे राहिलेल्यांना काम करायला हात कमी पडू लागले. हात शेजाऱ्यांचे आले. कोणाची बायको मुस्लीम, कोणाचा जावई सर्ब, कोणाची शाळेतली मैत्रीण क्रोएट. त्यांच्याबरोबर त्यांचे शेजारी आले. जो पोतं उचलायला येतो त्याला जेवणाच्या वेळी 'तू जा आता' असं सांगता येत नाही.

दुसरं कारण राजकीय. या युद्धात ज्यू कोणत्याच बाजूचे नव्हते. बोस्नियाचं सरकार, सर्ब सैन्य आणि १९९३ पासून तिसरी लढणारी बाजू झालेलं क्रोएट दल, या तिघांशीही त्यांना बोलता येत होतं. शहरात इतरही संस्था होत्या: मुस्लीम समाजाची 'मेरहामेत', कॅथलिकांची 'कारितास', ऑर्थोडॉक्स सर्बांची 'दोब्रोत्व्होर'. त्याही कामाच्याच होत्या. पण युद्धात त्या नावांना आपोआप एकेक रंग चढला. सिनेगॉगच्या दारात उभं राहिल्याने कोणी कोणाच्या बाजूचा ठरत नव्हता. ज्या म्हाताऱ्या सर्ब बाईला कझानीच्या बातम्या कुजबुजत ऐकू येत होत्या, तिला हे दार त्यातल्या त्यात सोपं वाटलं असणार, असा माझा तर्क आहे.

तिसरं कारण बाहेरचं. अमेरिकन ज्यूंची 'जॉइंट' ही १९१४ सालची मदतसंस्था मागे उभी होती. रसद येत राहिली म्हणून दार उघडं राहिलं. पोकळ चांगुलपणावर तीनशे माणसं रोज जेवत नाहीत.

पळी, गोळी आणि पत्र

शहरभर माणसं मदतीच्या तांदूळ-मॅकरोनी-राजम्यावर जगत होती. ३ जुलै १९९२ पासून विमानांनी मदत येऊ लागली, आणि १९४८-४९ मध्ये वेढ्यातल्या बर्लिनला पुरवलेल्या रसदीपेक्षाही जास्त काळ चाललेली हवाई रसद म्हणून तिची नोंद झाली. शहरातल्या बायकांनी पावडरच्या दुधाचं 'चीज' केलं, मांसाविना 'मांसाचे' पदार्थ केले, रस्त्याकडेची नेटल ही अंगाला लागली की आग करणारी वनस्पती खुडून भाजी केली. घरोघर पत्र्याच्या छोट्या शेगड्या, त्यात बूट, लाकडी फरशी, शेवटी पुस्तकं. कोणतं पुस्तक आधी जाळायचं यावर घराघरांत झालेले वाद हा सारायेव्होच्या विनोदाचा एक स्वतंत्र खजिना आहे, पण तो इथे नको.

सिनेगॉगच्या इमारतीत वरच्या मजल्यावर प्रार्थना आणि खाली समाजाचं सभागृह. तिथे लांब टेबलं मांडली जात. जेवायला येणारं माणूस काय घेऊन बाहेर पडत होतं, ते बघण्यासारखं आहे. एक, गरम अन्न. दोन, औषध: संस्थेने मोफत औषधालयं चालवली, कोणाचीही चिठ्ठी चाले, आणि सुरुवातीच्या काळात शहराला लागणाऱ्या औषधांचा मोठा वाटा त्यांच्यातूनच गेला. तीन, पत्र: टेलिफोन तुटलेल्या शहरात हौशी रेडिओ चालवणाऱ्यांच्या मदतीने बाहेर निरोप जाई, आणि ताफ्यांबरोबर पत्रांच्या पिशव्या जात-येत. ज्या आईला मुलगा झाग्रेबला पोचला की नाही हे महिनोन्‌महिने कळलेलं नसे, तिच्यासाठी पत्राची पिशवी उघडायची वेळ जेवणाच्या वेळेहून मोठी होती.

चौथी गोष्ट यादीत घालता येत नाही. तिथे बसायला मिळत होतं. सारायेव्होतलं त्या काळातलं जगणं म्हणजे पळणं. मद्याच्या कारखान्याच्या झऱ्यावर पाण्यासाठी डबे घेऊन तासन्‌तास उभं राहायचं आणि मग स्नायपरच्या टप्प्यातला चौक वाकून ओलांडायचा. घरात बसायचं तर खिडकीपासून दूर, बहुधा तळघरात. भर दिवसा चार माणसांत, टेबलावर हात टेकून, गप्पा मारत बसणं ही चैन होती. अर्थात इथेही छत तोफांपासून सुरक्षित नव्हतंच. समोरच्या त्रेबेविचच्या उतारावरची सतराव्या शतकातली ज्यू दफनभूमी ही तर आघाडीची रेषा झाली होती. पूर्वजांच्या थडग्यांआडून त्यांच्याच शहरावर गोळ्या येत होत्या.

मानणं म्हणजे काय

मराठीत 'मानलेला भाऊ', 'मानलेली बहीण' म्हणायची सोय आहे. रक्ताचं नातं आपोआप असतं, हे मानावं लागतं. रोज मानावं लागतं, हे आपण सहसा बोलत नाही. या प्रकरणातून मला ते 'रोज' महत्त्वाचं वाटतं.

लक्षात घ्या, मदतीचं पाकीट घरपोच दिलं असतं तरी माणसं जगली असती. पाकिटात तोच तांदूळ असता. पण पाकीट घेणारा दुसऱ्या पाकीट घेणाऱ्याला भेटत नाही. शिजलेलं अन्न ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी जाऊन खावं लागतं. रोज तीच माणसं तिथेच बसू लागली की जागा ठरतात. जागा ठरल्या की रिकामी जागा दिसते. आणि रिकामी जागा दिसली की कोणीतरी विचारतं, आज आजोबा आले नाहीत का? वेढ्यातल्या शहरात या प्रश्नाची दोन-तीनच उत्तरं असतात, आणि ती शोधायला कोणीतरी डबा घेऊन जिने चढून जातं. माझ्या मते अनोळखी माणूस 'आपला' होण्याचा क्षण हाच. आपण तिथे नसणं ज्याला खटकतं, तो आपला.

दुसरी गोष्ट हातांची. या स्वयंपाकघरात देणारे आणि घेणारे असे दोन गट नीट वेगळे करता येत नाहीत. सकाळी भाजी चिरणारी बाई दुपारी त्याच भांड्यातलं जेवत होती आणि संध्याकाळी त्याच इमारतीतून आपल्या नवऱ्याची रक्तदाबाची गोळी घेऊन जात होती. स्वयंसेवकाला पगार म्हणजे बहुधा जेवणच. ज्याला फक्त मदत मिळते तो पाहुणा राहतो, कधीकधी भिकारी होतो. ज्याला काम मिळतं तो घरचा होतो. समाजकार्यात 'लाभार्थी' हा शब्द आपण सर्रास वापरतो, मीही वापरतो. हे प्रकरण वाचताना तो शब्द कुठेच बसवता आला नाही.

तिसरी गोष्ट, वय. तरुण गेल्यामुळे म्हातारे पोरके झाले होते, आणि शाळा बंद पडल्याने मुलं मोकळी होती. सिनेगॉगमध्ये मुलांचे वर्ग भरत आणि तिथे येणारी सगळी मुलं ज्यू नव्हती. नातवंडं परदेशात गेलेली आजी आणि आजी डोंगरापलीकडे अडकलेला नातू एका टेबलावर आले, तर पुढचं कोणी घडवून आणावं लागत नाही. १९४१ पाहिलेल्या म्हाताऱ्यांना आता एक किंमतही आली. उपाशीपोटी कसं जगायचं, रांगेत ताकद कशी वाचवायची, कोणावर विश्वास ठेवायचा, हे ज्ञान शहरात फार थोड्यांकडे होतं. शांततेच्या काळात तीच माणसं 'त्याच त्या जुन्या गोष्टी सांगणारी' होती.

सारायेव्होतली 'हग्गादा' ही चौदाव्या शतकातली सुंदर चित्रांकित ज्यू पोथी १९९२ मध्ये आघाडीवरच्या राष्ट्रीय संग्रहालयातून एन्व्हेर इमामोविच या मुस्लीम अभ्यासकाने कशी वाचवली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. सांगण्यासारखीच आहे. पण पोथी एकदा वाचवून तिजोरीत ठेवता येते. भूक दुसऱ्या दिवशी परत येते. म्हणून मला पोथीपेक्षा पळीची गोष्ट अवघड वाटते.

बसमधल्या जागा

इथवर वाचून सगळं गोड वाटत असेल तर या प्रकरणाचा कडू भाग आता येतो. ज्या संस्थेने माणसं एकत्र बसवली तीच त्यांना एकेक करून उठवतही होती.

तिन्ही लढणाऱ्या बाजूंशी बोलता येत असल्यामुळे 'ला बेनेव्होलेन्सिया'ला आणि ज्यू समाजाला शहराबाहेर ताफे नेता आले. एकूण अकरा ताफे गेले. दोन हजारांहून जास्त माणसं बाहेर पडली आणि त्यातली निम्म्याहून अधिक ज्यू नव्हती. प्रत्येक ताफ्यामागे आठवडेच्या आठवडे वाटाघाटी: कोणत्या नाक्यावर कोणाचा शिक्का, कोणाची नावं यादीत चालतील, लढण्याच्या वयाच्या पुरुषांना परवानगी मिळणार की नाही. बहुधा मिळत नसे. त्यामुळे बसच्या खिडकीत बाई आणि मुलं, आणि खाली रस्त्यावर पुरुष, असं चित्र पुन्हा पुन्हा दिसलं.

आता यादी कशी करायची? तुमच्याबरोबर वर्षभर कांदे चिरणारी सर्ब बाई, तिचा मुस्लीम शेजारी, त्याची आजारी मुलगी, आणि समाजाच्या वहीत नाव असलेलं पण कधीच इकडे न फिरकलेलं एखादं ज्यू कुटुंब. जागा मोजक्या. रक्ताचं नातं की पंगतीचं? कागदावर उत्तर सोपं होतं. संस्था ज्यूंची, पैसा जगभरच्या ज्यूंचा, तेव्हा पहिला हक्क त्यांचा. प्रत्यक्ष यादीत निम्म्याहून जास्त नावं इतरांची आली, यावरून यादी करणाऱ्यांनी कागद बाजूला ठेवला असं दिसतं. तरीही प्रत्येक यादीत ज्याचं नाव नाही असा कोणीतरी होताच, आणि तो दुसऱ्या दिवशी जेवायला त्याच टेबलावर येणार होता. त्याच्या ताटात वाढताना वाढणाऱ्याने कुठे पाहिलं असेल?

रक्ताच्या कुटुंबात सहसा अशी यादी करावी लागत नाही. या कुटुंबाला ती अकरा वेळा करावी लागली. दर ताफ्यानंतर टेबलावरच्या ओळखीच्या जागा रिकाम्या व्हायच्या, नवी माणसं यायची, पुन्हा ओळखीपासून सुरुवात. कुटुंब टिकलं ते माणसं टिकली म्हणून नव्हे. वेळ टिकली, टेबल टिकलं, पळी टिकली, आणि येणारा नवा माणूस त्या जागेत ओतला गेला.

फेब्रुवारी १९९४ च्या ताफ्यात झेय्नेबा हार्दागा नावाच्या वृद्ध मुस्लीम बाई होत्या. १९४१ मध्ये जर्मन बॉम्बनी योसेफ काबिल्यो या ज्यू व्यावसायिकाचं घर पाडलं, तेव्हा झेय्नेबा आणि त्यांचे पती मुस्तफा यांनी त्या कुटुंबाला आपल्या घरात घेतलं होतं. समोरच गेस्टापोचं, नाझींच्या गुप्त पोलिसांचं, कार्यालय असताना. काबिल्यो पुढे पकडले गेले, साखळदंड घालून बर्फ उपसायला लावले गेले, तिथेही झेय्नेबांनी त्यांना अन्न पोचवलं. निसटून ते पुन्हा याच घरी आले आणि मग मोस्तारकडे गेले. दुसऱ्या एका ज्यू कुटुंबाला आसरा दिला म्हणून झेय्नेबांच्या वडिलांना जीव गमवावा लागला. १९८५ मध्ये जेरुसलेमच्या याद वाशेम या ज्यू-संहाराच्या स्मारकसंस्थेने हार्दागा कुटुंबाचा सन्मान केला. १९९४ मध्ये त्या, मुलगी, जावई आणि नात सारायेव्होतून निघून इस्रायलला पोचल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या.

ही कहाणी परतफेडीची म्हणून सांगितली जाते, आणि तेवढ्यापुरती ती खरीही आहे. पण झेय्नेबांच्या बसमधल्या इतर मुस्लीम, सर्ब, क्रोएट प्रवाशांनी १९४१ मध्ये कोणालाही लपवलेलं नव्हतं. त्यांचं कोणतंच देणं बाकी नव्हतं. तरी त्यांना जागा मिळाली. माझ्यासाठी या प्रकरणातली मोठी गोष्ट ती आहे.

'इतर'

२१ नोव्हेंबर १९९५ ला अमेरिकेतल्या डेटनमध्ये युद्ध थांबवणारा करार ठरला, १४ डिसेंबरला पॅरिसमध्ये सह्या झाल्या. करारालाच बोस्नियाची नवी राज्यघटना जोडली होती. तिने देशाचे तीन 'घटक समाज' मानले: बोस्नियाक (म्हणजे बोस्नियातले मुस्लीम), क्रोएट, सर्ब. बाकीचे 'ओस्ताली', म्हणजे इतर. राष्ट्राध्यक्षपदावर आणि संसदेच्या वरच्या सभागृहात फक्त तिघांपैकीच कोणी बसू शकेल. वेढाभर ज्या टेबलावर 'तू कोणाचा?' हा प्रश्न विचारायचं राहूनच गेलं होतं, त्या टेबलाच्या चालकांना शांततेने पहिला प्रश्न तोच विचारला आणि 'आमच्या यादीत तुम्ही नाही' असं सांगितलं.

फिन्सी न्यायालयात गेले. त्यांच्याबरोबर रोमा समाजातले देर्व्हो सेय्दिच. २२ डिसेंबर २००९ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की ही तरतूद भेदभाव करणारी आहे. घटना मात्र त्यानंतर वर्षानुवर्षं तशीच राहिली. ज्या माणसाने यादी करताना रकाने बाजूला ठेवले, त्याला स्वतःला रकान्यासाठी भांडावं लागलं. यात उपरोध आहे हे मलाही दिसतं, फार ताणत नाही.

वेढा उठल्यावर पंगतही हळूहळू उठली. नळाला पाणी आलं, दुकानं उघडली, माणसं आपापल्या घरी शिजवू लागली. घरी जेवता यावं म्हणूनच तर ते स्वयंपाकघर होतं, तेव्हा ते रिकामं झाल्याचं दुःख कोणी करू नये. तिथले कितीतरी जण पुन्हा कधी भेटले नसतील. एकमेकांची मुलं वाढवलेली माणसं आज तेल अवीव, टोरांटो, स्प्लिट, बेलग्रेड अशी पांगली आहेत.

पण बसमध्ये बसवून पाठवलेल्या मुलांचे आईबाप सारायेव्होतच राहिले होते आणि म्हातारे होत होते. 'ला बेनेव्होलेन्सिया'ने युद्धानंतर एकट्या वृद्धांसाठी घरपोच शुश्रूषा सुरू केली, धर्म न विचारता. आता म्हाताऱ्यांना टेबलापर्यंत येता येत नाही, म्हणून परिचारिका जिने चढून वर जाते, रक्तदाब पाहते, गोळ्या मोजून डबीत भरते. ती निघताना पुढच्या भेटीचा वार सांगते, आणि त्या वारी दार आधीच उघडं असतं.